परड्यातले किडे: घरच्या बागेत मॅक्रो फोटो काढायची माझी पद्धत

आमच्या परड्यात पाण्याच्या टाकीमागं आईनं लावलेला रताळ्याचा वेल आहे. बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला रताळ्याचं कौतुक सांगायला नको, पण त्या वेलाकडं मी रताळी सोडून दुसऱ्या कशासाठी कधी बघितलंच नव्हतं. एका पावसाळ्यात पानांना गोल गोल भोकं दिसायला लागली म्हणून एक पान उलटं केलं, तर खाली हरभऱ्याच्या डाळीएवढा सोन्याचा थेंब चिकटलेला. थेंब चालायला लागला तेव्हा कळलं की किडा आहे. कासवासारखी पाठ, कडेनं काचेसारखी आरपार झालर, डोकं त्या झालरीखाली लपवलेलं, आणि मधला भाग असा चकचकीत की त्यात आभाळ दिसतंय. याला टॉर्टोइज बीटल म्हणतात, मी सोनकिडा म्हणतो, रताळ्याच्या आणि त्याच्या जातभाई वेलांवर हमखास असतो.

पळत जाऊन कॅमेरा आणला, त्याच्याबरोबर आलेली साधी किट लेन्स होती, वरचा फ्लॅश उघडला आणि धडाधड वीसेक फोटो काढले. सगळ्यात एक पिवळा ठिपका आणि त्यावर पांढराफटक डाग. सोनं गायब. त्यानंतर तो किडा नीट मिळायला मला जवळजवळ महिना लागला, तोवर आईचं रोजचं "सकाळी सकाळी चिखलात काय लोळालायस?" सुरू झालं होतं. आणि त्या महिन्यात मी नवी लेन्स घेतली नाही, एक पुठ्ठ्याचा डबा कापला फक्त. हे आधीच सांगतोय कारण मला विचारणारे सगळे पहिलं विचारतात, "लेन्स कुठली ओ?" माझ्या मते लेन्स तिसऱ्या नंबरावर. पहिला उजेड, आणि दुसरं म्हणजे आपल्या बागेतल्या कुठल्या झाडावर कोण राहतंय हे माहीत असणं.

तरी लेन्सपासूनच सुरू करतो, नाहीतर पुढं कोण वाचणार नाही.

जवळ म्हणजे किती जवळ

मॅक्रोचा सरळ हिशोब असा, की १० मिलिमीटरचा किडा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरपण १० मिलिमीटरच पडला तर त्याला एकास एक म्हणायचं. तुमच्या सामानातनं किती मिळतंय ते बघायला पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या, जेवढं जवळ जाऊन फोकस होतंय तेवढं जाऊन पट्टीचा फोटो काढा आणि फोटोत आडवे किती मिलिमीटर मावले ते मोजा. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ ते २४ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे पट्टीचे २३ मावले तर एकास एक झालं, साडेअकरा मावले तर दुप्पट. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ मिलिमीटर. फुलपाखराला निम्मं मिळालं तरी भरपूर होतंय, सोनकिड्याला एकास एक पाहिजे, मावा टिपायचा असेल तर दुप्पट, कारण एक मावा जेमतेम दोन मिलिमीटरचा.

हे मिळवायचे स्वस्तातले रस्ते तीन. पहिला, एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधे लावायची पोकळ नळी, आत काच वगैरे काही नसते. हिशोब सोपा, मॅग्निफिकेशन (किडा सेन्सरवर किती पट पडतोय ते) म्हणजे नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेन्थ (लेन्सवर लिहिलेले एमएम). ५० एमएमच्या लेन्सला ५० मिलिमीटरच्या नळ्या लावल्या की एकास एक. घेताना कॉन्टॅक्ट (लेन्स आणि कॅमेरा विजेनं जोडणारे ठिपके) असलेलीच घ्या, बिनकॉन्टॅक्टची स्वस्त मिळते पण नव्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडायचं भोक) मग कॅमेऱ्यातनं बदलता येत नाही.

दुसरा, रिव्हर्स रिंग, लेन्स उलटी करून लावायची. सगळ्यात स्वस्त हेच, आणि सगळ्यात कटकटीचं पण हेच. गंमत म्हणजे लेन्स जेवढी वाइड तेवढं मॅग्निफिकेशन जास्त, ५० एमएम उलटी केली की एकास एकच्या आसपास मिळतंय, २८ उलटी केली की दुपटीकडं जातंय. अ‍ॅपर्चरची रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स कुणाच्या कपाटात पडली असेल तर मागून आणा, यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. मी वर्षभर हेच वापरलं आणि उलट्या लेन्सचा मागचा भाग उघडा राहतोय हे विसरून रताळ्याच्या वेलात घुसत राहिलो, शेवटी मागच्या काचेवर ओरखडा पडला. तो अजून आहे.

तिसरा, आणि माझा आवडता, म्हणजे क्लोज-अप लेन्स, टेलिफोटो झूमच्या पुढं चिकटवायचं भिंग. रेनॉक्स डीसीआर २५० हे नाव सगळीकडं ऐकायला मिळेल, आठ डायॉप्टरचं आहे, म्हणजे त्याची फोकल लेन्थ १२५ मिलिमीटर. हिशोब परत तसाच, झूम २५० वर ठेवला तर २५० भागिले १२५, म्हणजे दुप्पट, १२५ वर आणला की एकास एक. झूम फिरवून मॅग्निफिकेशन बदलतंय आणि किड्यापासूनचं अंतर मात्र साधारण बारा सेंटिमीटरच राहतंय, ही सोय दुसऱ्या कशात नाही. क्लिपसारखं लागतंय, निघतंय. फुलपाखरू आलं की काढून खिशात टाकायचं.

खरी मॅक्रो लेन्स, ९० किंवा १०० एमएमची, असेल तर उत्तमच आहे, नसेल तर रडू नका. आणि मोबाईलवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. मोबाईलमधला मॅक्रो मोड बऱ्याच वेळा वाइड कॅमेऱ्यावर चालतो, त्यात दोन-तीन सेंटिमीटरवर जायला लागतंय आणि मग मोबाईलचीच सावली किड्यावर पडते, त्यामुळं क्लिपवाली बारकी मॅक्रो लेन्स मेन किंवा टेली कॅमेऱ्यावर लावलेली बरी. खाली उजेडाचं आणि झाडांचं जे सांगतोय ते मोबाईललापण जसंच्या तसं लागू आहे, फक्त फ्लॅशच्या जागी एक छोटी एलईडी लाइट आणि तिच्यासमोर ट्रेसिंग पेपर.

उजेड, म्हणजे डिफ्युजर (उजेड मऊ करणारा पडदा), म्हणजे खरं काम

इतक्या जवळ गेल्यावर फोटोत किती कमी भाग शार्प येतोय याचा अंदाज नव्या माणसाला नसतो. एकास एकला, एफ ८ वर, एपीएस-सी कॅमेऱ्यात जेमतेम ०.६ मिलिमीटर. मांड्याचा पापुद्रा डोळ्यासमोर आणा, मग कळेल. म्हणून अ‍ॅपर्चर बारीक करायला लागतंय, एफ ८ ते ११ (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक). पण त्याच्यापुढं जाऊन फायदा नाही, कारण एकास एकला लेन्सचं ११ हे उजेडाच्या आणि धारेच्या हिशोबानं २२ सारखं वागतंय, १६ केलं तर ३२ झालं आणि सगळा फोटो मऊ पडला. आणि अ‍ॅपर्चर एवढं बारीक केलं की उजेड पुरत नाही, हात हलतोय, वारा असतोय, किडा चालतोय. म्हणून फ्लॅश.

फ्लॅशचा दुसरा फायदा लोक विसरतात. फ्लॅशची पॉवर एकास सोळावर (पूर्ण पॉवरच्या सोळाव्या भागावर) ठेवली की तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पेटून विझतोसुद्धा. सगळा उजेड फ्लॅशचाच असेल तर हलण्याचा प्रश्नच मिटतो, शटर १/२०० असलं तरी. हे जमलंय का ते तपासायला फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. जवळजवळ काळा आला पाहिजे. आला? मग हात कापला तरी चालतंय.

आता तो पांढरा डाग. मी सुरुवातीला काय केलं, तर फ्लॅशच्या तोंडावरच बटर पेपर चिकटवला आणि म्हणालो झाला डिफ्युजर. काडीचा फरक पडला नाही. का नाही पडला हे कळायला मला आठवडा लागला: फ्लॅशचं तोंड होतं तेवढंच राहिलं, उजेड फक्त कमी झाला. मऊ उजेडाला पाहिजे असतंय किड्याच्या मानानं मोठं आणि किड्याच्या जवळ असलेलं पांढरं पान. किड्यानं वर बघितलं तर त्याला ढगाळ आभाळ दिसलं पाहिजे, ट्यूबलाइट नको.

माझा आत्ताचा डिफ्युजर असा आहे. चिप्सचा उभा गोल पुठ्ठ्याचा डबा, ज्याला आतनं चंदेरी अस्तर असतंय, तो घेतला, बूड कापलं, एका तोंडात फ्लॅशचं डोकं घट्ट बसेल असा चौकोन कापून बसवला. फ्लॅश कॅमेऱ्यावरच, डबा पुढं झुकवून लेन्सच्या टोकापर्यंत आणला. डब्याच्या पुढच्या तोंडाला ट्रेसिंग पेपरचा एक थर. त्याच्यापुढं पाच-सहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडून दुसरा मोठा थर, साधारण वहीच्या पानाएवढा, जरा वाकवलेला, लेन्सच्या वरून छपरासारखा किड्याकडं झुकणारा. दुसरा थर कशाचा, तर मिक्सर किंवा टीव्हीच्या पॅकिंगमधे जो पांढरा पातळ फोमचा कागद येतो ना, त्याचा. दोन थरांच्या मधली ती मोकळी जागा सोडू नका, सगळी जादू तिथंच आहे, कारण उजेडाला पसरायला जागा लागते. आतल्या बाजूला, डबा आणि छपराच्या मधल्या भिंतींना, मी घरातल्या साडीच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा लावला. आमच्या बेळगावातल्या, साड्या विणणाऱ्या वडगाव-शहापूरकडं साडीच्या खोक्याला तोटा नाही. आधी साडीवरचा प्लास्टिकचा कागद लावून बघितला होता, पण तो वाऱ्यानं चुरचुर वाजायचा आणि चतुर उडून जायचे.

तुमचा डिफ्युजर बरा झालाय का हे किड्यावर तपासत बसू नका. स्टीलचा चमचा पालथा ठेवा आणि त्याचा फोटो काढा. चमच्यात जो पांढरा आकार दिसतोय तोच तुमचा उजेड. टिकलीएवढा कडक ठिपका दिसला तर परत कापाकापी, मोठा गुळगुळीत पांढरा पट्टा आणि कडेला हळूहळू काळा होत गेलेला दिसला तर जमलं. मी नऊ चमचे-फोटो काढले, दहाव्याला सोनकिडा काढला, आणि त्याच्या पाठीवर पहिल्यांदा सोनं दिसलं. झालरीतली बारीक जाळीपण दिसली. हे सोनं जिवंतपणीच असतंय बरं का, किडा मेला की रंग उडून तपकिरी टरफल राहतंय, म्हणून धरून डबीत ठेवायच्या भानगडीत पडू नका.

सेटिंग

मॅन्युअल मोड, एफ ८ किंवा ११, शटर १/१६० किंवा १/२०० (तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या आत), आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर, एकास सोळापासून सुरू करून वरखाली. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल. बस. उजळ किडा असला की फ्लॅश एक पायरी कमी, काळा भुंगा असला की एक पायरी जास्त.

मागचं काळंकुट्ट येतंय ही तक्रार नेहमीची. फ्लॅशचा उजेड अंतर वाढलं की झपकन संपतो, त्यामुळं मागं मोकळी जागा असली की रात्र झाल्यासारखं दिसतंय. उपाय, किड्याच्या मागं दहा-पंधरा सेंटिमीटरवर एखादं हिरवं पान येईल असा कोन धरा, नसेल तर कपड्याच्या चिमट्यानं एक मोठं पान मागं अडकवा. केळीचं पान बेस्ट. काही जणांना काळी बॅकग्राउंड भारी वाटते, मला ती सारखी सारखी बघून कंटाळा येतोय.

फोकस: बोटं नको, कंबर

ऑटोफोकस बंद करा. इतक्या जवळ ते मागं-पुढं शोधत बसतंय आणि तेवढ्यात किडा शेजारच्या घरात. मॅन्युअल फोकसवर मॅग्निफिकेशन ठरवून टाकायचं, एकास एक म्हणजे एकास एक, रिंगला परत हात लावायचा नाही, आणि आपणच मिलिमीटर-मिलिमीटर पुढं झुकायचं. डोळा शार्प दिसला की बटण. श्वास सोडून झाल्यावर जो क्षणभर थांबा असतो, तेव्हा. हे वाचायला सोपं वाटतंय, पहिल्या दिवशी शंभरातले पाच येतील, महिन्यानं तीस. माझेपण अजून निम्मे वाया जातात.

ट्रायपॉड बागेत मी वापरत नाही. लावेपर्यंत पाय फांदीला लागतोय आणि सगळं हलतंय. त्यापेक्षा डाव्या हाताची पद्धत शिका: डाव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटात किडा बसलेली काडी किंवा पान अलगद धरायचं, आणि त्याच हाताच्या मनगटावर किंवा उरलेल्या बोटांवर लेन्स टेकवायची. आता काडी, लेन्स आणि हात एकच वस्तू झाली, वारा आला तरी तिन्ही एकत्र हलतात. शिवाय काडी हळूच फिरवून कोन बदलता येतो. यासाठी जवळ जाताना सावली किड्यावर टाकायची नाही, आणि खालनं, त्याच्या पातळीवर जायचं. वरनं काढलेला फोटो म्हणजे कृषी खात्याच्या पत्रकातलं चित्र, डोळ्याच्या पातळीवर गेलात की समोर एक प्राणी उभा राहतोय.

शार्प भाग एवढा पातळ असल्यामुळं सेन्सर आणि किड्याचं अंग समांतर ठेवणं हाच निम्मा फोटो. टाचणीसारखा लांब बारीक किडा असेल तर बाजूनं बरोबर समांतर, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं येतंय. समोरनं काढायचा असेल तर फक्त डोळे येतील, बाकी गेलं, आणि ते चांगलं दिसतंय.

कुठल्या झाडावर कोण

इथं माझं जरा जास्त बोलणं होणार, आधीच सांगतो.

कढीपत्ता आणि लिंबू. प्रत्येक घरात असतात. यांच्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं अंडी घालतात. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं तर झाडून टाकू नका, ती अळी आहे, लहानपणी मुद्दाम तशी दिसते म्हणजे पक्षी खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि जरा धक्का लागला की डोक्यामागनं शिंगासारखी दुतोंडी जीभ बाहेर काढून उग्र वास सोडते. तो क्षण मिळवायला तिला टोचत बसू नका, पानावर मुंगी आली तरी ती आपोआप काढते, थांबायची तयारी ठेवा. ब्लू मॉर्मनपण लिंबावर येतं. त्याला महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू केलं, कर्नाटकाचं आहे सदर्न बर्डविंग, आणि त्याच्या अळीला ईश्वरीचा वेल लागतो. मी दोन्ही लावलीत. महाराष्ट्र येऊन अंडी घालून गेला, कर्नाटक अजून फिरकला नाही, त्याच्यासाठी खानापूरच्या जंगलाकडं गाडी काढायला लागते.

कण्हेर. शेंड्याकडं पिवळाधमक मावा, त्याच्या मागं मुंग्या, आणि त्या दोघांच्या मागावर लेडीबर्डची अळी, जी लेडीबर्डसारखी अजिबात दिसत नाही, बारक्या मगरीसारखी दिसते. आमच्याकडं लोक तिलाच कीड समजून मारतात, आणि ती तर मावा खाणारी. त्याच कण्हेरीच्या पानाखाली कॉमन क्रो फुलपाखराचा कोष लटकलेला मिळेल, आरशासारखा चंदेरी-सोनेरी. त्याचा फोटो काढला की त्यात तुमचा डिफ्युजर, तुमचं कपाळ आणि मागची वाळत घातलेली चादर सगळं दिसतंय. मी सोनकिड्यात पास झालो आणि या कोषात नापास. शेवटी एका ढगाळ सकाळी फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूला पांढरे पुठ्ठे धरून काढला, पुठ्ठे धरायला पुतण्या. कोष साधारण आठ-दहा दिवसांचा असतो, आतलं पंखाचं नक्षीकाम बाहेरनं दिसायला लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर हजर राहा.

भेंडी असेल तर लाल-काळे ढेकूण जोडीनं, शेपटीला शेपटी लावून फिरतात, शिकायला यांच्याइतकं गरीब मॉडेल नाही, पळत नाहीत. चवळीच्या शेंगेवर काळा मावा. आंब्यावर पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील तर त्या रांगेत एखादी मुंगी जरा वेगळी चालते का बघा. पाय मोजा. आठ निघाले तर तो कोळी आहे, मुंगीचं सोंग घेतलेला, पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत धरून फिरतो. मला पहिला सापडायला दीड वर्ष लागलं, आता दर आठवड्याला दिसतो. कोळी म्हणजे कीटक नव्हे हे मान्य, पण मॅक्रोवाल्यांनी ते कधी पाळलेलं नाही. भिंतीवरचा उड्या मारणारा बारका कोळी तर स्वतःच वळून लेन्सकडं बघतोय.

पण माझं सगळ्यात लाडकं मॉडेल म्हणजे निळ्या पट्ट्यांची मधमाशी. दिवसा टोमॅटो आणि तुळशीच्या फुलांवर असते पण एका जागी सेकंदभर थांबत नाही, दिवसा तिच्या मागं लागणं म्हणजे घाम काढणं. तिला झोपेत गाठायची. दिवस मावळताना वाळलेल्या बारीक काड्या, वेलाचे तणावे, कुंपणाची तार असलं काहीतरी बघा, या माश्या जबड्यानं काडी चावून धरतात आणि पाय सोडून तशाच आडव्या लटकून झोपतात. नर बऱ्याच वेळा चार-पाच जणं एका काडीला ओळीनं. एकदा जागा सापडली की दुसऱ्या दिवशीपण बहुतेक तिथंच. टॉर्च थेट तोंडावर मारायची नाही, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा, फोकसपुरता उजेड मिळतोय आणि त्या जाग्या होत नाहीत. पट्टे असे दिसतात, निळे म्हणावे की हिरवे ते कळत नाही, प्रत्येक केस वेगळा. मी गेटजवळ काडीसमोर अर्धा तास उकिडवा बसलेलो बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "एन माडाकत्तीरी?" म्हणजे कन्नडमधे, काय करताय? काय सांगणार, म्हटलं माशी झोपलीय री, तिचा फोटो. त्यांनी आमच्या आईकडं चौकशी केली नंतर.

वेळ आणि हंगाम

किड्यांचं अंग बाहेरच्या हवेबरोबर गार-गरम होतंय, म्हणून पहाटे ते सुस्त आणि अकरानंतर रॉकेट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर, नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी धुकं आणि दव भरपूर, साडेसहाला परड्यात उतरलात तर चतुर आणि टाचण्या (चतुराचे बारीक भाऊबंद) दवानं मोती लावल्यासारख्या बसलेल्या असतात, ऊन लागेपर्यंत हलत नाहीत. तो तासभर फ्लॅशशिवायपण काम होतंय. फवारणीच्या बाटलीनं खोटं दव मारणारे लोक आहेत, ते लगेच ओळखू येतं, थेंब फार मोठे आणि सगळीकडं सारखे असतात.

वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशीपासून बाग जागी होते. मृग लागला, म्हणजे ७ जूनच्या आसपास, की मातीत लाल मखमली मृगाचा किडा फिरायला लागतो. त्याचा लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही, सगळी मखमल एक लाल गोळा होऊन येते, म्हणून फ्लॅश जवळजवळ एक पायरी कमी करा आणि हिस्टोग्राममधे (कॅमेऱ्यात दिसणारा उजेडाचा आलेख) लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा. जुलै-ऑगस्टची झड लागली की मी व्हरांड्यातनंच काढतो, खिडकीच्या चौकटीला कुंभारमाशी मातीची मडकी करत असते, ती आपल्याला काही करत नाही.

पावसाळ्यात खरा धोका लेन्सला आहे. माझी झूम एका पावसाळ्यात बॅगेत पडून राहिली आणि गणपतीला काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. एका दुरुस्तीवाल्यानं पैसे घेऊन साफ केली, परत आली तेव्हा बुरशी गेली होती आणि फोकसपण जरा हललेला. तेव्हापासून रबर लावलेल्या झाकणाचा घट्ट डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा, ४० ते ५० च्या मधे ठेवायचा. ६० च्या वर गेला की जेल तव्यावर मंद आचेवर सुकवायचं. ज्या चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत कॅमेरा मिळाला त्यात तो साठवू नका, बॅग ओल धरून ठेवते.

हे करू नका

फ्रीजमधे ठेवून गार करणे, गोंदानं चिकटवणे, कोष तोडून घरात आणणे, हे धंदे बंद. घरच्या बागेत तर गरजच नाही, आज गेला तर उद्या येतोय. औषध फवारणं सोडलंत की दोन महिन्यांत झाडावर एवढी वर्दळ होते की कॅमेरा ठेवायला जागा नाही. भाजी थोडी कमी मिळते, हे आईला पटवणं तुमचं तुम्ही बघा.

केसाळ सुरवंटाला आणि हिरव्या काटेरी अळीला डावा हात लावायचा नाही, आग आग होते. जास्वंद-भेंडीच्या फुलांवर काळे-केशरी पट्टे असलेले हिंगे येतात, ते दाबले गेले तर त्यांच्या रसानं कातडीवर फोड येतात. आणि पहाटे, संध्याकाळी गवतात गुडघे टेकायच्या आधी टॉर्च मारून बघा, आपल्याकडं घोणस आहे, नाग आहे, किड्याच्या नादात विसरायला होतंय.

घरी आल्यावर

स्टॅकिंगबद्दल खूप बोललं जातं, मी थोडक्यात आवरतो. झोपलेल्या माशीचे, पुढं झुकत झुकत, आठ-दहा फोटो एकामागोमाग काढायचे, प्रत्येकात शार्प पट्टी जरा पुढं सरकलेली, आणि सॉफ्टवेअरनं जोडायचे. झेरीन स्टॅकर, हेलिकॉन फोकस हे पैसे देऊन, पिकोले फुकट. जागा किडा असेल तर प्रयत्नच करू नका, मिशा चार-चार येतात. एडिटिंगमधे हायलाइट जरा खाली, शार्पनिंग फक्त किड्यावर, बॅकग्राउंडला नको, आणि रंग खेचायचा मोह आवरायचा.

फोटो झाला की नाव शोधायची ओढ लागते. त्यासाठी एक सुंदर फोटो पुरत नाही. वरनं एक, बाजूनं एक, तोंड समोरनं एक, फुलपाखरू असेल तर मिटलेल्या पंखांची खालची बाजू, आणि पट्टीच्या हिशोबानं अंदाजे आकार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो ज्या झाडावर होता त्या झाडाचा, पानं-फुलं दिसतील असा एक साधा मोबाईलचा फोटो. आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकलं की जाणकार लोक नाव सुचवतात. माझ्या एका भुंगेऱ्याचं नाव कित्येक महिने अडलं होतं, एकानं विचारलं झाड कुठलं, आणि मी फोटो इतका जवळनं काढलेला की पानसुद्धा ओळखू येत नव्हतं. आता परत सापडायची वाट बघतोय, तारीख लिहून ठेवलीय, ऑगस्टचा दुसरा आठवडा, टाकीमागं, कुठल्यातरी वेलावर.